चौसाळ्याची विहीर आणि तेलाचा कॅन

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत माणसं तीन आणि पिशव्या त्याहून जास्त होत्या. मागे आठ वर्षांची ओवी आणि पाच वर्षांचा निनाद, म्हणजे आमचा निनू. पुढे स्टिअरिंगवर मी एकटी. महेशला, माझ्या नवऱ्याला, ऐन वेळी ऑफिसातून निघता आलं नाही. तो खाली उभा राहून हात हलवत होता आणि हात हलवतानाच टायरमधली हवा, पाण्याच्या बाटल्या, निनूची उलटीची गोळी अशा सूचना देत होता. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. उन्हाळ्याची जवळजवळ सगळी सुट्टी मुलांनी फ्लॅटमध्ये, कूलरसमोर भांडण्यात घालवली होती. निदान शेवटचे काही दिवस तरी त्यांना काहीतरी बघायला मिळावं, चार गोष्टी शिकायला मिळाव्यात, असं माझ्या मनात होतं. महेशची मोठी बहीण सुमनताई बीड जिल्ह्यात चौसाळ्याला असते. दर उन्हाळ्यात ती फोनवर एकच वाक्य म्हणायची, "पोरं पाठवा." या वेळी मी पोरांबरोबर स्वतःलाही पाठवलं.

नगर मागे पडलं, तसं ऊन वाढलं आणि गाडीचा एसी कुरकुरत बंद पडला. काचा खाली केल्या. गरम वारा आत शिरला आणि त्याबरोबर धूळ. जामखेड ओलांडून पुढे गेल्यावर मुलांना सौताड्याचा धबधबा दाखवायचं मी कबूल केलं होतं. पावसाळ्यात विंचरणा नदी तिथे उंच कड्यावरून खाली कोसळते, असे फोटो मी त्यांना दाखवले होते. आम्ही दरीच्या काठाशी जाऊन उभे राहिलो. समोर प्रचंड कडा, खाली खोल दरी, तळाशी रामेश्वराच्या देवळाभोवतीची झाडी, आणि पाण्याचा एक थेंब नाही. कड्यावर काळपट ओघळ तेवढे दिसत होते.

निनूनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "धबधबा कोणी बंद केला?"

शेजारी काकड्या विकायला बसलेल्या आजी हसल्या. त्यांनी त्याला काकडी चिरून, मीठ-तिखट लावून दिली आणि समजावलं की धबधबा उन्हाळ्यात गावाला जातो. निनूला ते पूर्ण पटलं. आपणही गावालाच चाललोय, हे त्यानं त्यांना सांगितलं. मला मात्र जरा ओशाळल्यासारखं झालं. उन्हाळ्याच्या अखेरीला मराठवाड्यात धबधबा दाखवायला निघालेली आई मीच असेन.

पाटोदा गेलं, आणि लिंबागणेशला पुन्हा थांबलो. गणपतीच्या देवळात फरशी गार होती. मुलं त्या फरशीवर पालथी पडली आणि पुजारी काही बोलले नाहीत. देवळाजवळ दगडी बारव आहे (पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं अशी जुनी बांधीव विहीर). मी निनूचा हात धरून पायऱ्या उतरले. तळाला हिरवं पाणी होतं, त्यात आभाळाचा तुकडा पडला होता आणि पारव्यांचा आवाज घुमत होता. मागे वळून बघितलं तर ओवी वरच्याच पायरीवर होती. ये म्हटलं तर तिनं मान हलवली. मी आग्रह केला नाही.

इथे तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आदल्या वर्षी तिला आम्ही पोहण्याच्या क्लासला घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्यानं, भीती जावी म्हणून, तिचं डोकं धरून पाण्याखाली दाबलं. भीती गेली नाही, ती तिथेच राहायला आली. तेव्हापासून ओवी समुद्रावर गेली तरी वाळूतच बसायची. आम्ही वाट बघायचं ठरवलं होतं, आणि वर्ष उलटलं तरी वाटच बघत होतो.

मांजरसुंब्याला हमरस्ता लागला आणि दुपार कलायच्या आत आम्ही चौसाळ्यात पोचलो. ताईचं घर रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे आणि किराणा दुकान अगदी रस्त्यावर. दुकानाच्या उंबऱ्यातच ताई उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. तिनं आधी निनूला, मग ओवीला कमरेला धरून उचलून बघितलं, जणू पोत्याचं वजन करतेय.

"किती वाळली गं पोरं. पुण्यात खायला मिळत न्हाई का?"

गल्ल्यामागे बसलेले भाऊजी उठून उभे राहिले. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं आणि मीही तेच म्हणते. कमी बोलणारा माणूस. त्यांनी मुलांच्या हातावर गुळाचा एकेक खडा ठेवला आणि गाडीचा एसी बघायला बाहेर गेले.

पाहुणे आले की या भागात येसर करतात (भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ; पाण्यात कालवून उकळलं की झटपट आमटी होते). ताईनं ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी असं ताट वाढलं. घरी तिखट म्हणून रडणारा निनू नाक पुसत पुसत दोनदा आमटी मागून जेवला. जेवण झाल्यावर ताईनं मुलांना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे आढी घातली होती (कच्चे आंबे पिकायला गवतात दडपून ठेवतात ती). हात घालायचा, दाबून बघायचं, पिकलेला तेवढाच काढायचा, असा नियम होता. ओवीला हे फार आवडलं. ती डोळे मिटून, बोटांनी अंदाज घेत आंबे शोधत होती. निनूनं पहिलाच हाताला लागलेला कच्चा आंबा दातानं फोडला, तोंड वाकडं केलं आणि मोठ्या प्रामाणिकपणे परत गवतात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची पूजा चालली असताना मुलं त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. आमच्या घराण्यात लिंगधारणा आहे, पण पुण्याला ती सासऱ्यांबरोबरच संपली. आप्पांनी गळ्यातली चांदीची पेटी उघडून लिंग तळहातावर घेतलं. देव एवढा लहान का, असं निनूनं विचारल्यावर ते म्हणाले, सोबत न्यायचा म्हणून. मग सारं संपेपर्यंत मुलं एक शब्द बोलली नाहीत. तेवढा वेळ ती गप्प बसलेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

त्याच सकाळी आम्ही पहिल्यांदा विहिरीवर गेलो.

आप्पांचं शेत गावापासून थोडं बाहेर आहे. वरच्या अंगाला पाझर तलाव असल्यामुळे आजूबाजूच्या विहिरींनी तळ गाठला तरी या विहिरीत पाणी टिकतं. रुंद, दगडानं बांधलेली, एका बाजूनं पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या पोरांना ताई इथे पोहायला शिकवते. ती स्वतः लहानपणी तेलगावला मामाच्या उसाच्या मळ्यातल्या विहिरीत शिकली. महेश घरातलं शेंडेफळ, त्याला कोणी पाण्याजवळ फिरकूही दिलं नाही, त्यामुळे त्याला आजतागायत पोहता येत नाही. मलाही येत नाही. पण हा विषय त्या सकाळपर्यंत कधी निघालाच नव्हता.

ताईनं साडीचा काष्टा मारला, पदर कमरेला खोचला आणि पोरांच्या पाठीला दुकानातले तेलाचे रिकामे कॅन जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधायला सुरुवात केली. पूर्वी सुके भोपळे बांधायचे, आता कॅन. निनूलाही तिनं एक बांधला. गाठ ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. मग तिचं लक्ष ओवीकडे गेलं. ओवी सगळ्यात वरच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून बसली होती.

"कावून गं, पाण्याला भ्यायलीस का?"

ओवीनं मान डोलावली.

"बरं. भ्यायचं तर भ्यावं. पण दोरी तर टाकता येती ना?"

विहिरीच्या पायरीशी एक लोखंडी कडी होती. तिला जाड दोर बांधलेला आणि दोराच्या टोकाला रबरी ट्यूब. एखादं पोर दमलं की ट्यूब त्याच्यापुढे टाकायची, हे काम ताईनं ओवीला दिलं. कशी टाकायची तेही दाखवलं. पोराच्या डोक्यावर नाही, थोडी पलीकडे, म्हणजे ओढताना त्याच्या हाताशी येते. ओवी दोन-तीन पायऱ्या खाली आली. पाण्याला पाय लागणार नाही अशी कोरडी पायरी तिनं निवडली आणि ट्यूब मांडीवर घेऊन बसली.

तास-दीड तास फार मजेत गेला. पोरं कडेवरून धबाधब उड्या मारत होती. ताई मधोमध तरंगत सगळ्यांना हाका मारत होती, कोणाचे पाय वाकडे, कोणाची मान ताठ. निनू तिच्या हातावर पालथा पडून पाय झाडायला शिकला. ओवीनं ट्यूब बऱ्याचदा टाकली आणि दर वेळी ती आधीपेक्षा नेमकी पडली. मी पायरीवर उभी राहून फोटो काढत होते.

मग निनू दम खायला पायरीवर आला. मी त्याला टॉवेल देत होते. ताई पलीकडच्या भिंतीशी एका पोराला धरून होती. शेवाळलेल्या पायरीवरून निनूचा पाय सटकला आणि तो पाण्यात गेला.

पुढचं मला तुटक आठवतं. मी उडी मारली असं मी म्हणते. आई पडली असं निनू म्हणतो. पाणी थंड होतं आणि पायाखाली काहीच नव्हतं. मी हात-पाय मारले, वर आले, डोळ्यांसमोर दगडी भिंत दिसली, पुन्हा खाली गेले. नाकातोंडात पाणी गेलं. कानात नुसता दणका. निनू कुठे आहे, एवढाच एक विचार होता, आणि तो विचारही पाण्यात बुडत होता. मग हाताला काहीतरी गुळगुळीत, गोल लागलं. मी ते कवटाळलं. ओढ बसली, पायाला पायरी लागली आणि माझ्या मनगटाला कोणीतरी दोन लहान हातांनी घट्ट धरलं.

ओवी होती. ती कमरेपर्यंत पाण्यात उभी होती.

तोवर ताई सपासप हात मारत पोचली आणि तिनं मला पाठीमागून वर ढकललं. मी पायरीवर पडून खोकत होते. निनू? निनू पाठीवरच्या कॅनच्या जोरावर विहिरीच्या मध्यभागी बुचासारखा तरंगत होता आणि माझ्याकडे कुतूहलानं बघत होता. पडल्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. आईला काय झालं, एवढंच त्याला कळत नव्हतं.

ताईनं माझी पाठ चोळली, पाणी काढलं, मग समोर बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"तुला पवता येत न्हाई, हे मला कावून सांगितलं न्हाईस वृषाली?"

मी म्हटलं, मुलांना शिकवायला आणलं होतं, माझा प्रश्नच कुठे होता. तिनं ओवीला जवळ ओढलं आणि तिच्या ओल्या फ्रॉकचा काठ पिळायला लागली. तेव्हा कुठे ओवीनं खाली बघितलं आणि आपण भिजलोय हे तिच्या ध्यानात आलं.

त्या दुपारी मी झोपू शकले नाही. महेशचा फोन आला तेव्हा सगळं छान चाललंय, येसर आवडलं, एसी आप्पांनी दुरुस्त करून आणला, एवढंच सांगितलं. पाण्याचं सांगितलं नाही. तो तिथून काय करणार होता? मनातून मी उद्याच परत निघायचं ठरवलं होतं. विहिरीचा नुसता विचार आला तरी मी दचकत होते. ओवीला वर्षभर काय वाटत असेल, ते मला त्या खाटेवर पडल्या पडल्या कळलं. इतके दिवस मी तिला धीर देत होते, पण कशासाठी देत होते ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी परत जायचा विषय काढला तर आप्पा म्हणाले, उद्या पोरांना मोर दाखवायला न्यायचं ठरलंय, ते झाल्यावर काय ते बघा. ठरलं कधी, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण आप्पांनी एवढं लांब वाक्य बोलल्यावर नाही म्हणणं कठीण होतं.

नायगावचं मोरांचं अभयारण्य पाटोदा तालुक्यात आहे. आम्ही उजाडता उजाडता पोचलो. टेकड्या वाळलेल्या गवतानं पिवळ्या पडल्या होत्या, मधूनमधून बोरी-बाभळी आणि हिवराची झाडं. डोंगरउतारावरून मोरांचं ओरडणं चहूकडून येत होतं, पण दिसत एकही नव्हता. आप्पांनी आम्हाला एका पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर, खडकाआड बसवलं आणि निनूच्या कानात सांगितलं, "गप बसलं तर मोर येतो. बोललं तर निस्ता आवाज येतो."

निनू गप्प बसला. अगदी हातांनी तोंड दाबून. थोड्या वेळानं दोन लांडोरी आल्या, मान वळवत, पाऊल तोलत. त्यांच्यामागून एक मोर आला. पाणी प्यायला, मागे सरला, आणि आमच्याकडे पाठ करून त्यानं पिसारा उभारला. समोरून कसा दिसत असेल तो लांडोरींनाच ठाऊक. आम्हाला मागची पांढुरकी काडी-काडी आणि थरथरणारी तपकिरी शेपूट दिसली. निनू हसू दाबता दाबता लाल झाला. शेवटी त्याला शिंक आली आणि तिघेही झाडीत पळाले.

आप्पा त्याला घेऊन पायवाटेनं थोडं पुढे गेले. वाटेत त्याला एक पीस सापडलं. ते आपलं नाही, इथलंच आहे, असं आप्पांनी सांगितल्यावर त्यानं ते दगडाखाली ठेवलं, मोराला परत सापडावं म्हणून.

खडकाआड ओवी आणि मी दोघीच उरलो. ती कुजबुजतच बोलली, जणू मोर अजून समोर होते.

"आई, तुला पोहता येत नाही हे तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग उडी का मारलीस?"

"निनू पडला म्हणून."

"पण त्याच्या पाठीला कॅन होता."

"ते मी विसरले."

ओवीनं गवताची काडी तोडली, तिचे तुकडे केले.

"मी नाही विसरले," ती म्हणाली. "म्हणून मी ट्यूब तुझ्याकडे टाकली. त्याच्याकडे नाही."

आठ वर्षांच्या मुलीनं त्या एका क्षणात दोघांकडे बघितलं होतं आणि नेमकं ठरवलं होतं, आणि मी तिला भित्री समजत होते. मी तिला जवळ घेतलं. तिनं विचारलं की पाण्यात उतरल्यावर तिला भीती कशी नाही वाटली. मी खरं तेच सांगितलं, मला माहीत नाही. तेव्हा वाटली नाही आणि आता पुन्हा वाटतेय, ती म्हणाली. मलाही वाटतेय, मी म्हटलं. हे ऐकून तिला का कोण जाणे, बरं वाटलेलं दिसलं.

"मग उद्या जाऊ या विहिरीवर," ती म्हणाली. "तू पण कॅन लाव."

मी परत निघायचं ठरवलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. तिला ते कळूही दिलं नाही.

घरी येऊन ताईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. परातीतले हात तसेच ठेवून तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दुकानाच्या दिशेनं हाक दिली, "आहो, मोठा कॅन हाय का रिकामा?"

आप्पांनी पंधरा लिटरचा कॅन स्वतः धुऊन, पुसून आणला. त्यावर सूर्यफुलाचं मोठं चित्र होतं. दुसऱ्या सकाळी ताईच्या सुनेचा जुना पंजाबी ड्रेस घालून आणि पाठीवर ते फूल बांधून मी पायऱ्या उतरले. तेव्हा विहिरीवरची सगळी पोरं गप्प झाली आणि मग एकदम हसायला लागली. मलाही हसू आवरेना. हसताना भीती थोडी बाजूला झाली, पण गेली नाही. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आणि माझे पाय जागेवर खिळले. ताई खालच्या पायरीवर, छातीभर पाण्यात हात पसरून उभी होती. तिनं मला ये म्हटलं नाही, घाईही केली नाही. दुसऱ्या पोरांशी बोलत राहिली, जणू मी नाही आले तरी चालेल.

ओवी माझ्या शेजारी आली. तिच्या पाठीवर छोटा कॅन होता.

आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि पुढची पायरी सोडली. कॅननं मला खांद्यापासून वर उचललं. मी तरंगत होते. ओवी तरंगत होती. तिचं तोंड घट्ट मिटलेलं, डोळे मोठे, बोटं माझ्या तळव्यात रुतलेली. थोड्या वेळानं ती बोटं सैल झाली. मग तिनं हात सोडलाच.

त्यानंतर आम्ही रोज सकाळी विहिरीवर जात होतो. ताईची शिकवायची रीत साधी होती. "पाण्याशी भांडू नको. ते लई मोठं हाय, जिंकणार न्हाईस," ती मला म्हणायची. निनूला ती म्हणायची, बेडूक बघ. ओवीला काहीच म्हणायची नाही, नुसती तिच्यापासून हातभर अंतर ठेवून पोहत राहायची. तिचं डोकं कोणी पाण्याखाली दाबलं नाही. एके दिवशी तिनं आपणहून ते पाण्यात बुडवलं, वर आली, केस मागे सारले आणि आजूबाजूला बघितलं की कोणी पाहिलं का. सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ताईनं डोळ्यांनी दटावल्यामुळे कोणी काही बोललं नाही. पुन्हा बुडवलं. मग तिला तोच खेळ लागला.

माझी प्रगती वेगळीच होती. मी हात मारायचे तेव्हा पाय विसरायचे आणि पाय मारायचे तेव्हा श्वास. एकदा पोहत पोहत मी मागे मागे जात राहिले आणि भिंतीला डोकं आपटलं. गल्लीतल्या एका चिमुरडीनं मला धीर दिला की तिलापण पहिल्यांदा येत नव्हतं. दुपारी थकून ताईच्या पडवीत आम्ही सगळे ओळीनं आडवे व्हायचो. मधे आंब्यांची पाटी, उशाला ओले टॉवेल. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

निघायच्या आदल्या सकाळी ओवीनं कॅन नको म्हटलं. ताईनं माझ्याकडे बघितलं. निर्णय माझा होता आणि मला तो नको होता. मी ओवीकडे बघितलं. ती घाबरलेली होती हे दिसत होतं. पण ती उतरलीही असती, हेही दिसत होतं. मी हो म्हटलं.

ताई पलीकडच्या भिंतीशी जाऊन थांबली. ओवीनं पायरीला पाय रेटला आणि निघाली. पोहणं कसलं, नुसती धडपड होती. मध्यावर तिची हनुवटी पाण्याखाली गेली आणि मी ट्यूब उचलली. पण ती वर आली, खोकली, पुन्हा हात मारायला लागली. ताई जागची हलली नाही. तिचे हात तेवढे पाण्याखाली पुढे आलेले मला दिसत होते. मग ओवीची बोटं पलीकडच्या दगडाला लागली. तिनं दगड धरला, वळली, आणि विहिरीभर घुमेल अशा आवाजात मला हाक मारली, "आई, ये." ट्यूब हातात धरून मी तशीच उभी होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. विहिरीवर सगळेच भिजलेले असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

मी गेले. सूर्यफुलासकट, फार पाणी उडवत, दोनदा दिशा चुकून, पण गेले.

परतीच्या वाटेवर गाडीत चटणीचे डबे, येसराची पुडी आणि आंब्यांचं खोकं होतं. एसी उत्तम चालत होता. जामखेडच्या पुढे निनू झोपला. ओवी खिडकीतून बघत होती. रस्त्याकडेला शेतं नांगरून तयार होती, माणसं बांधावर उभी राहून आभाळाकडे बघत होती. मी विचार करत होते की मुलांना काय दाखवायचं, याची केवढी जुळवाजुळव करून मी निघाले होते. त्यातलं थोडंच जमलं. धबधबा कोरडा निघाला, मोरानं पाठ दाखवली. पण आपली आई घाबरते, बुडते, मग तेलाचा कॅन बांधून पुन्हा पाण्यात उतरते, हे मुलांनी पाहिलं. दाखवायचं म्हणून मी ते कधीच दाखवलं नसतं. आणि माझी मुलगी संकटात कशी वागते, हे मला कुठल्याही क्लासनं सांगितलं नसतं.

घरी पोचलो तेव्हा महेश सामान घ्यायला खाली आला होता. मी त्याला सगळं नीट, शांतपणे सांगणार होते. पण गाडीचं दार उघडताच निनूनं जाहीर करून टाकलं की आई विहिरीत पडली होती आणि ताईनं तिला वाचवलं. महेशच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. कोणी वाचवलं, कुठली ताई, माझी ताई का, त्याला काही कळेना. निनूनं ओवीकडे बोट दाखवलं. जिन्याच्या पायरीवर बसून महेशनं मग सगळं ऐकलं, आधी निनूकडून, मग माझ्याकडून. तो माझ्यावर चिडला नाही. मला फोनवर का नाही सांगितलंस, एवढंच एकदा म्हणाला. मग त्यानं ओवीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

ओवीनं थोडा वेळ तसं राहू दिलं. मग त्याच्या मिठीतून डोकं बाहेर काढून ती म्हणाली, "बाबा, तुलापण येत नाही ना? पुढच्या सुट्टीत ये. मी आहे दोरीला."